कर्ता-करविता कोण?

।। श्रीगुरुदेव दत्त ।।

दत्तजयंतीच्या अंकासाठी दरवर्षी माझ्याकडून दोन पानं मागितली जातात. कधी पारायणाचा अनुभव, कधी गाणगापूरच्या वारीची हकिगत, असं काहीतरी मी लिहून देतो. यंदा विषय घरातच मिळाला. माझा नातू चाकणला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. गुरुवारची आरती करून मी घरी आलो, तर त्यानं विचारलं, "आजोबा, तुम्ही रोज हात जोडता. पण हे जग कोणीतरी निर्माण केलं, याला पुरावा काय?"

पस्तीस वर्षं मशिनच्या आवाजात काढलेला माणूस मी. उत्तर तयारच होतं. म्हटलं, "अरे, साधा बोल्ट आपोआप होत नाही. ड्रॉइंग लागतं, लेथ लागतो, लेथवर माणूस लागतो. मग एवढं विश्व कर्त्याशिवाय कसं होईल?"

तो हसला. "टर्नरला बार स्टोअरमधून मिळतो. देवाला माल कोणी पुरवला? आणि प्रत्येक वस्तूला कर्ता लागतो, तर देवाला कोणी केलं?"

मला काही सुचेना. पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून थोडं वाचलं, जाणत्यांना विचारलं, तेव्हा कळलं की हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. माझं बोल्टाचं उदाहरण म्हणजे नैयायिकांचं घट आणि कुंभार. घडा दिसला की कुंभार असणारच, तसं जग दिसतं म्हणजे ईश्वर असणारच, हे उदयनाचार्यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी 'न्यायकुसुमांजली'त मोठ्या हिरिरीनं मांडलं. उलट सांख्यांनी जगाचं कोडं प्रकृती आणि पुरुष एवढ्यावर सोडवलं. पूर्वमीमांसक तर वेदांना प्रमाण मानणारे, यज्ञयाग करणारे, पण जग निर्माण करणारा ईश्वर त्यांना मान्य नव्हता. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त तर शेवटी शंकेवरच थांबतं. ही सृष्टी कुठून आली, हे वर बसलेल्यालाही ठाऊक असेल की नाही, असं तो ऋषी विचारतो. दूरदर्शनवर 'भारत एक खोज' लागायचं, त्याच्या सुरुवातीला याच सूक्ताचे बोल असायचे, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

विज्ञानाकडे वळावं तर तिथेही गंमत. विश्व एका क्षणी सुरू झालं ही कल्पना पुढे आणणाऱ्यांत जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे ख्रिस्ती धर्मगुरू होते. ती सुरुवात सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वीची, असं आज मानतात. पण आपला सिद्धांत देवाचा पुरावा म्हणून वापरू नये, असं खुद्द लमेत्र यांचं मत होतं. आणि आपल्या पुण्यात आयुका ही संस्था उभी करणारे जयंत नारळीकर विश्वाला आरंभच नाही, हा विचार गुरू फ्रेड हॉईल यांच्यासोबत आयुष्यभर मांडत राहिले. बहुतेक शास्त्रज्ञांना तो पटला नाही, तरी ते मागे हटले नाहीत. म्हणजे धर्मगुरूंनी देवाचा आधार घेतला नाही, आणि आरंभच नसला तर कुंभार कधी आला, हा प्रश्नच उरत नाही. हे सगळं वाचून मी नातवाला प्रामाणिकपणे सांगितलं, "बाबा, पुरावा माझ्यापाशी नाही."

पण एक गोष्ट त्याला सांगितली नव्हती. ती इथे लिहितो.

१९९७ साल असेल. भोसरीच्या बाजूला एका कारखान्यात मी प्रेस शॉपचा सुपरवायझर होतो. पत्रा दाबायच्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात डायमध्ये राहत नाहीत. पण त्यात वेळ जातो. टार्गेट गाठायला एका मशिनचं एक बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून ठेवलेलं होतं. मला ते माहीत होतं. रोज दिसत होतं. एका रात्रपाळीला लातूरकडच्या एका एकवीस वर्षांच्या पोराची तीन बोटं गेली.

सकाळी त्याचे वडील एसटीनं आले. धोतर, टोपी, गळ्यात माळ. दवाखान्याच्या पायरीवर मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "बाबा, आपल्या हातात काय असतं? कर्ता-करविता तो. दत्ताची इच्छा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाज चढला नाही. म्हणाले, "सायेब, मी गाणगापूरची पुनव कधी चुकवली नाही. पोरगं सांगतंय, बटण बांधलेलं हुतं. ते काय दत्तानं बांधलं का?"

अपघाताच्या कागदावर 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' असं लिहिलं होतं आणि खाली माझी सही होती. दोन दिवस झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी मी दुसरा जबाब लिहून दिला की बटण बांधलेलं होतं आणि ते मला ठाऊक होतं. साहेब लोक नाराज झाले, माझी बढती राहिली, पोराला थोडी जास्त भरपाई मिळाली. बोटं काही परत आली नाहीत.

दत्तभक्तहो, त्या दिवसापासून 'त्याची इच्छा' हे शब्द उच्चारताना माझी जीभ अडखळते. जगाचा कर्ता आहे की नाही, हे ठरवण्याएवढी माझी बुद्धी नाही. पण माझ्या हातून झालेलं मी त्याच्या खात्यावर टाकलं, हे पाप मला कळतं. आणि हे मला एका निष्ठावंत दत्तभक्तानं दाखवलं, नास्तिकानं नव्हे.

नंतर भागवताचा अकरावा स्कंध पुन्हा वाचायला घेतला, नाथांच्या टीकेसह. यदुराजाला भेटलेला अवधूत म्हणजे आपले दत्तात्रेयच, असं परंपरा मानते. तो चोवीस गुरू सांगतो आणि ते आपण आपल्याच बुद्धीनं केले, असंही सांगतो. पृथ्वी कोणी केली हे तो घोळत बसत नाही. तिच्याकडून सहनशीलता शिकतो. त्या चोवीसांत एक कोळी आहे. तो आपल्यातूनच धागा काढतो, त्यात खेळतो आणि तोच गिळतो. ईश्वराचं तसंच आहे, असं अवधूत म्हणतो. इथे कुंभार वेगळा, माती वेगळी असं नाही. नातवाचा 'माल कोणी पुरवला' हा प्रश्न इथे लागू पडत नाही. अर्थात हा काही पुरावा नव्हे, हेही मी त्याला सांगितलं.

आणि त्या चोवीसांत एक कारागीरही आहे, बाण करणारा. कामात तो इतका गढलेला, की शेजारून राजाची स्वारी गेली तरी त्याला कळलं नाही. दत्तगुरूंनी आपल्यासारख्या एका कामगाराला गुरू केलं, हे वाचून माझे डोळे भरून आले. तो बाणवाला माझ्या जागी असता, तर त्याच्या नजरेतून ती चिकटपट्टी सुटली नसती. सुटली असती तरी त्यानं देवाचं नाव घेतलं नसतं.

नातू सांगतो, आता त्यांच्याकडे प्रेससमोर न दिसणाऱ्या प्रकाशाचा पडदा असतो. हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबतं. मी विचारलं, "तो पडदा बंद करता येतो का?" तो जरा थांबून म्हणाला, "येतो." मी म्हटलं, "मग जग कोणी केलं ते सावकाश शोध. पडदा चालू आहे ना, हे मात्र रोज शिफ्ट सुरू व्हायच्या आधी बघ."

दत्तजयंतीला तो माझ्याबरोबर देवळात येणार आहे. हात जोडेल की नाही, ते मी विचारलेलं नाही.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!