संशोधनाची सावड

ब्रह्मगिरीच्या आसपासच्या पाड्यांवर बचतगटातल्या बायकांना प्रश्नावलीचं अप्रूप राहिलेलं नाही. समाजकार्याचे, अर्थशास्त्राचे, ग्रामविकासाचे विद्यार्थी येतात, ‘गटामुळे तुमचं उत्पन्न वाढलं का?’ असं विचारतात, फोटो काढतात आणि जातात. काही दिवसांनी दुसऱ्या विद्यापीठाचा विद्यार्थी जवळपास तेच प्रश्न घेऊन दारात उभा राहतो. या दोघांची कधी गाठ पडत नाही. प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढतो, पण ज्या गटावर तो लिहिला त्या गटाच्या बैठकीत त्यातलं पानही वाचलं जात नाही. हे मला फार लागतं.

सहकारी सोसायट्या, बचतगट, शेतकरी उत्पादक कंपन्या, सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा हा सगळा सामाजिक अर्थव्यवस्थेचा पसारा. महाराष्ट्रात तो जितका मोठा, तितकी त्यावर संशोधन करणारी मुलं एकटी. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्तींमुळे अनेक घरांतली पहिली पिढी पीएच.डी.पर्यंत पोचली, ही मोठीच गोष्ट आहे. पण कोल्हापूरला दूध संघांवर काम करणारी मुलगी आणि गडचिरोलीत ग्रामसभेचे हिशेब तपासणारा मुलगा यांनी एकमेकांच्या टिपणवह्या वाचाव्यात, अशी सोय कोणीच केलेली नाही. युरोपात १९९६ साली सुरू झालेलं ‘एमेस’ हे संशोधकांचं जाळं पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मुद्दाम एकत्र बसवतं. आपल्याकडेही असं जाळं हवं. त्याची पहिली गाठ मात्र पुण्या-मुंबईत न मारता त्र्यंबकसारख्या तालुक्याच्या गावी मारावी, असं मला आग्रहाने वाटतं.

त्याचं कारण गटाच्या वहीत सापडतं. कर्जाचं कारण लिहायच्या रकान्यात मी पाहिलेल्या वह्यांत ओळीमागून ओळ ‘घरखर्च’ असंच लिहिलेलं होतं. बाहेरचा विद्यार्थी त्यावरून निष्कर्ष काढणार, की गटाचा पैसा उत्पादक कामाला लागत नाही. वही लिहिणारीचा मुलगा किंवा मुलगी शेजारी असेल तर सांगेल, की त्या शब्दात भाताचं बियाणं असतं, शेळी असते, दवाखाना असतो, मुलाची परीक्षेची फी असते. घाईत लिहायला तोच शब्द सोयीचा पडतो. तीच गोष्ट वेळापत्रकाची. शहरातला विद्यार्थी परीक्षा आटोपून जानेवारी-फेब्रुवारीत येतो, तेव्हा अर्धा पाडा दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर गेलेला असतो. मग मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांची उत्तरं सगळ्या गटाची म्हणून छापली जातात. आणि आवणीच्या दिवसांतली सावड, आज तुझ्या खाचरात तर उद्या माझ्या, ती तर कोणत्याच वहीत नसते. त्र्यंबकच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकर मुलांना हे सगळं घरातच ठाऊक असतं. त्यांना आपण फार तर वाट दाखवायला बरोबर घेतो, संशोधक म्हणून नाही.

अभ्यास आणि काम यांत अंतर असलंच पाहिजे, असं आपल्या परंपरेनेही कधी मानलं नाही. धनंजयराव गाडगीळ १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची त्यांची पाहणी १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. हेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष म्हणून लोणीला शेतकऱ्यांमध्ये बसले. आणखी जवळचं उदाहरण गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकऱ्यांनी तिथे अभ्यासगट चालवले. गावाने आधी अभ्यास करायचा, मग ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घ्यायचा, ही त्यांची रीत. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, त्यामागे अशी कित्येक वर्षांची बैठक होती. त्या अभ्यासात बाहेरचा जाणकार मित्र म्हणून बसे; निर्णय गावाचा.

विद्यार्थ्यांच्या जाळ्यालाही हीच रीत लागू करता येईल. मोठी परिषद, बॅनर, शाली-श्रीफळ यांची काही गरज नाही. एकाने आपलं कच्चं टिपण दुसऱ्याला द्यायचं आणि त्याने ते गांभीर्याने तपासायचं. प्रश्नावली छापण्याआधी गटातल्या दोघी-तिघींना दाखवायची. ज्या पाड्यावर आधी कोणी जाऊन आलं असेल, तिथे त्याची माहिती वाचूनच जायचं, म्हणजे बायकांचा तोच वेळ पुन्हा खर्ची पडणार नाही. माहिती देणाऱ्यांची नावं वहीबाहेर जाऊ द्यायची नाहीत. कर्ज ही घरातली गोष्ट आहे. आणि मार्गदर्शकांनी प्रबंध मान्य करण्याआधी एकच विचारावं: हे गटासमोर वाचलं का, आणि गटातल्या बायका काय म्हणाल्या? या शेवटच्या प्रश्नावर प्राध्यापक कुरकुरतील, कारण त्याने वेळ लागतो. लागू दे.

पहिल्या बैठकीला दिवाळीची सुट्टी बरी. मुलं घरी आलेली असतात, भाताची कापणी चालू असली तरी संध्याकाळ मोकळी मिळते आणि बागांच्या कामाला बरीच माणसं अजून निघायची असतात. त्र्यंबक, हरसूल, पेठकडची पाच-सहा मुलं आणि बाहेरून आलेले तेवढेच संशोधक पुरेत. गटाची परवानगी घेऊन, नावं झाकून, एकच वही मध्ये ठेवावी आणि ‘घरखर्च’ लिहिलेल्या ओळी एकेक करून गटातल्या बायकांकडूनच समजून घ्याव्यात.