घरच्या शाळेची घडी



जून उजाडला की आपल्या उमेळ्यात दप्तरे, छत्र्या आणि नव्या वह्यांची गडबड सुरू होते. अलीकडे ह्या गडबडीत एक वेगळा प्रश्न माझ्या कानावर येऊ लागला आहे. काही तरुण आईबाप विचारतात, "फादर, इतक्या लहानपणी मुलाला शाळेत घालायलाच हवं का? आम्ही घरीच शिकवलं तर?" कोणाला मुलाचा रोजचा बसचा प्रवास नको वाटतो, कोणाला फी झेपत नाही, कोणाचे मूल बुजरे असते. ज्यांनी घरी शिकवायला सुरुवात केली आहे त्यांची तक्रार निराळी असते : "हौसेने सुरू केलं, पण घडी काही बसत नाही. सकाळ कधी सरते ते कळत नाही, अभ्यास राहून जातो आणि रात्री मनाला टोचणी लागते."

घडी बसणे हा आपल्या भाषेतला सुंदर शब्दप्रयोग आहे. कापड काही वेळा एकाच रेषेवर दुमडले की पुढे ते आपोआप त्याच रेषेवर दुमडते. दिवसाचेही तसेच असते. पण मुलाच्या दिवसाला घडी घालण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आणि तो कुठपर्यंत चालतो? हा प्रश्न केवळ सोयीचा नाही, नीतीचा आहे. आज त्यावर थोडा विचार करू या.

प्रथम कायद्याबद्दल दोन शब्द. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे असे त्याचे दहावे कलम सांगते. घरी शिकवणाऱ्या पालकांना मात्र त्यात कोणतीही शिक्षा सांगितलेली नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतर्फे तिसरी, पाचवी व आठवीच्या तोडीच्या परीक्षा देता येतात आणि वयाची १४ वर्षे पूर्ण झाली की दहावीलाही बसता येते. म्हणजे सहा वर्षांच्या आत हा निर्णय पूर्णपणे घरचा आहे. त्यानंतर तो जबाबदारीने आणि पुढचा विचार करून घ्यावा लागतो.

खरे तर हा प्रयोग आपण सर्वांनी एकदा केला आहे, तोही मनात नसताना. करोनामुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. राज्यात पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरवण्याचा निर्णय लागू झाला तो १ डिसेंबर २०२१ पासून, आणि काही शहरांत तर त्याहून उशिरा. त्या काळात घरात एकच मोबाईल आणि शिकणारी मुले दोन-तीन, अशी अनेकांची स्थिती होती. जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली, तिचा काहींना आधार झाला. आपले मूल कसे शिकते, कुठे अडते, कशाने खुलते, हे अनेक बापांनी त्या वेळी प्रथमच पाहिले. पण आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात आली. घरात घंटा नव्हती. अभ्यास कधी दहाला सुरू व्हायचा, कधी बाराला. आणि तो संपायचा कधीच नाही. जेवताना पाढे, झोपताना शुद्धलेखन. आई चोवीस तासांची शिक्षिका झाली आणि मूल चोवीस तासांचा विद्यार्थी. दोघेही थकले.

ह्याउलट एक जुने उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, म्हणून त्या काळच्या धर्ममार्तंडांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. पुढे हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत पायी फिरत राहिले. त्यांना ना घर होते, ना शाळा, ना फळा. तरीही आठव्या वर्षापासून साधारण पंधराव्या वर्षापर्यंत रमाबाईंचे शिक्षण चालले, आणि त्यांच्या गुरू होत्या त्यांच्या आई. दिवसभर लक्ष्मीबाईंना कामाची उसंत नसे, म्हणून त्यांनी पहाटेची वेळ धरली. झोपेने जड झालेल्या मुलीला प्रेमाने उठवायचे, जवळ घ्यायचे आणि पाखरांच्या किलबिलाटात तोंडी पाठ द्यायचा. पुढे दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई भावासह पायी हिंडत राहिल्या आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, आणि केडगावचे मुक्ती मिशन तर आपल्या परिचयाचे आहे. आईविषयी त्यांनी जे लिहून ठेवले त्याचा सारांश असा : दुसऱ्याच्या फारशा मदतीविना पुढे मी स्वतः शिकू शकेन, अशी माझ्या मनाची घडण तिने केली.

ह्या उदाहरणात घडी बसण्याचे रहस्य आहे. लक्ष्मीबाईंची जागा रोज बदलत होती, वेळ मात्र बदलत नव्हती. साधने नव्हती, पण नियम होता. आणि तो नियम प्रथम आईने स्वतःला लावला होता. मुलीच्या आधी उठावे लागत होते ते आईलाच.

ॲरिस्टॉटल सांगतो की सद्गुण पुस्तकातून येत नाहीत, कृतीच्या सवयीने येतात. पोहण्याविषयी ऐकून कोणी पोहायला शिकत नाही, तसे न्यायाने वागून वागूनच माणूस न्यायी होतो. म्हणून लहानपणी कोणती सवय लागते ह्याला तो फार महत्त्व देतो. कोणी म्हणेल, "मग हे मुलाला यंत्र बनवणेच झाले की! मूल मोकळे वाढू द्यावे." हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सवयीने मूल घडते तसे दबतेही. मग घडवणारी शिस्त कोणती आणि दाबणारी कोणती, हे कसे ओळखावे? मला दोन कसोट्या सुचतात.

पहिली कसोटी संत बेनेडिक्ट यांच्याकडून मिळते. सहाव्या शतकात त्यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली तिच्यात प्रार्थना, अंगमेहनत आणि वाचन ह्यांच्या वेळा ठरवून दिल्या आहेत. त्या वर्षभर सारख्या नाहीत, ऋतूप्रमाणे बदलतात. प्रार्थनेची खूण ऐकू आली की हातातले काम, ते कितीही महत्त्वाचे असो, आहे तिथे सोडायचे असाही नियम आहे. सेमिनरीत माझीही कित्येक वर्षे घंटेवर गेली. घंटा काम सुरू करायला सांगते हे सर्वांना ठाऊक असते. ती काम थांबवायलाही सांगते, हे मात्र आपण विसरतो. शिवाय ती धाकट्यासाठी आणि मठाधिपतीसाठी एकच असते. म्हणून पहिली कसोटी अशी : तुमचे वेळापत्रक तुम्हालाही बांधते का? ते फक्त मुलाला बांधत असेल तर ती सत्ता झाली. आईबापांनाही बांधत असेल, "आता पुस्तक बंद, आता तू मोकळा" असे त्यांच्याकडून वदवून घेत असेल, तर ते मुलाला दिलेले वचन झाले. वचनात मूल सुरक्षित असते. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक असते, म्हणून ते निर्धास्त खेळते.

दुसरी कसोटी संत थॉमस अक्वायनस यांच्याकडे सापडते. तेराव्या शतकात त्यांच्यापुढे प्रश्न होता : इतर धर्मीयांच्या लहान मुलांना आईबापांच्या इच्छेविरुद्ध बाप्तिस्मा द्यावा का? त्यांनी स्पष्ट 'नाही' असे उत्तर दिले. त्यांचे म्हणणे असे की मुलाला स्वतःची विचारशक्ती येईपर्यंत ते आईबापांच्या देखरेखीत जणू एका आध्यात्मिक गर्भाशयात असते. तिथून त्याला ओढून काढणे हा निसर्गन्यायाचा भंग आहे. पालकांचा अधिकार किती खोल आहे ते ह्यावरून दिसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात पालकांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक मानले, त्यामागेही हीच दृष्टी आहे.

पण ही उपमा जरा पुढे नेऊ या. गर्भाशय बाळाला धरून ठेवते ते जन्म देण्यासाठी. नऊ महिन्यांनंतरही ते सोडत नसेल तर आई आणि बाळ दोघांचाही जीव धोक्यात येतो. म्हणून दुसरी कसोटी अशी : तुमच्या घरच्या शाळेत दरवर्षी थोडा थोडा जन्म होतो आहे का? चौथ्या वर्षी आई पुस्तक निवडते, सातव्या वर्षी दोघे मिळून निवडतात, दहाव्या वर्षी मूल स्वतः निवडते, असे होत असेल तर घडी योग्य बसते आहे. मूल दहा वर्षांचे झाले तरी प्रत्येक ओळ आईला विचारून लिहीत असेल, तर आपण शिकवत नाही, धरून ठेवतो आहोत. लक्ष्मीबाई गेल्यानंतर रमाबाईंचे शिक्षण थांबले नाही, ह्यातच त्या आईचे यश आहे. एक दिवस आपणही मुलाजवळ नसणार, हे प्रत्येक आईबापाने मनाशी धरून शिकवावे.

ह्याच दृष्टीने बक्षिसांच्या मोहापासून सावध राहा. मुंबईच्या मालविका जोशी हिची बातमी २०१६ मध्ये गाजली. आईने नोकरी सोडून तिला सातवीनंतर घरी शिकवले आणि संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधील पदकांच्या बळावर तिला अमेरिकेतील एमआयटीत प्रवेश मिळाला. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीत मात्र तिला जाता आले नव्हते. त्या मायलेकींचे कौतुकच करावे. पण आपले मूल मालविका व्हावे म्हणून कोणी घरी शिकवू लागला, तर तो मुलाला नव्हे, आपल्या स्वप्नाला शिकवतो.

आता न्यायाचा मुद्दा. "आम्ही घरी शिकवतो" ह्या वाक्यातला 'आम्ही' बहुतेक वेळा एकटी आई असते. बाप पहाटेची लोकल धरून नायगावहून निघतो तो रात्रीच परततो. स्वयंपाक, धुणी, सासूसासऱ्यांचे औषधपाणी आणि वर ही शाळा! एकाच्या खांद्यावर उभी असलेली घडी टिकत नाही, आणि टिकली तरी ती न्यायाची नसते. बापाने रात्री वीस मिनिटे गोष्ट वाचावी, रविवारचे गणित स्वतःकडे घ्यावे. आजोबांनी नातवाला वाडीत नेऊन झाडांची नावे सांगावीत, आजीने घरची बोली आणि जुनी गाणी द्यावीत. हे शिक्षण विकत मिळत नाही.

आणि मुलाला इतर मुले हवीत. वेगळ्या धर्माचा, वेगळ्या घरचा सोबती शेजारी बसतो, डबा वाटून खातो, कधी भांडतो, हा शाळेचा मोठा धडा आहे. घरी शिकवणाऱ्यांनी तो मैदानावर, शेजारी, धर्मशिक्षणाच्या वर्गात मिळवून द्यावा. नाझरेथच्या घरी येशू तीस वर्षे वाढला, पण बाराव्या वर्षी तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारताना सापडला, असे संत लूक सांगतो. त्या पवित्र घरालाही बाहेरच्या गुरूंची गरज पडली.

ज्यांची घडी बसत नाही त्यांना माझ्या काही साध्या सूचना आहेत. उठण्याची आणि प्रार्थनेची वेळ तेवढी पक्की करा, बाकी वेळापत्रक तिच्याभोवती हळूहळू जुळवा. पाचसहा वर्षांच्या मुलाला एका बैठकीत पंधरा-वीस मिनिटे आणि दिवसभरात तास-दीड तास पुरे. तांदूळ निवडणे, रोपांना पाणी घालणे, पापडीच्या बाजारात सुटे पैसे मोजून घेणे, हाही अभ्यासच आहे. दुपारचा काही वेळ कोणीही काहीही न शिकवण्यासाठी राखून ठेवा. पावसाळ्याचे वेळापत्रक वेगळे आणि उन्हाळ्याचे वेगळे असू द्या. ताप, पाहुणे, सण यांनी घडी मोडली तर चिडू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रेषेवर दुमडा. आणि ठरलेल्या वेळी पुस्तक बंद करा, एक ओळ राहिली असली तरी.

आपल्यापैकी बहुतेकांची मुले शाळेतच जातील आणि तेही योग्यच आहे. पण शाळा सुटल्यावर मूल कोणाकडे येते? सकाळी त्याला उठवताना आवाज कसा असतो, जेवताना टीव्ही चालू असतो की गप्पा, रात्रीची प्रार्थना आई एकटी म्हणते की बापही सोबत गुडघे टेकतो, हे शाळा ठरवत नाही. ती घडी प्रत्येक घरालाच घालावी लागते. ह्या आठवड्यात जेवणानंतरचा एक अर्धा तास निवडा आणि तो मुलांसाठी पाळा, मुलांनी मागितला नाही तरी.

आपला,
धर्मगुरू