बधिर पायाची जाणीव

मधुमेहात रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की पायांच्या मज्जातंतूंची संवेदना हळूहळू लोपते आणि पायांना रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या अरुंद होतात. त्यामुळे टाचेत रुतलेला काटा किंवा चपलेने पडलेला फोड रुग्णाला कळतच नाही, आणि घरातल्या कोणाला वास आला म्हणून पाय पाहिला जातो, तेव्हा जखम पुष्कळदा हाडापर्यंत गेलेली असते. आर्मस्ट्राँग, बोल्टन व बस यांनी २०१७ साली घेतलेल्या आढाव्यानुसार मधुमेही व्यक्तीला आयुष्यात केव्हातरी अशी जखम होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के असते, आणि भरून आलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात पुन्हा उद्भवतात.

नांदेडजवळ विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही मराठवाड्यातील गोरगरिबांची मोठी आधारस्थाने आहेत. अशा रुग्णालयांत जखमेला डॉक्टर, ड्रेसर आणि प्रशिक्षणार्थी यांचेही हात लागतात, पण तिन्ही पाळ्यांत रुग्णाजवळ असते ती परिचारिका. रुग्णाच्या पायाने गमावलेली जाणीव तिलाच पुरवावी लागते. काल गुलाबी दिसणारे दाणेदार मांस आज फिकट का झाले, पट्टी वेळेआधी का भिजली, बोट गार का लागते, वास कालच्यापेक्षा वेगळा का आहे, हे ती डोळ्यांनी, बोटांनी आणि नाकाने ताडते. नोंदीत मात्र बहुधा एवढेच उरते की ड्रेसिंग केले.

या कामाचा सर्वांत अवघड भाग तोच वास आहे. रुग्णाला वेदना नसते, पण लाज असते, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरची आठी त्याला लगेच दिसते. म्हणून ती आठी येऊ न देणे हाही शुश्रूषेचाच भाग ठरतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली अशा श्रमाला, म्हणजे कामाची गरज म्हणून स्वतःच्या भावना आवरण्याला किंवा घडवण्याला, भावनिक श्रम म्हटले. मात्र त्यांच्या अभ्यासातील विमानसेविकांपुढे पू आणि सडलेली ऊती नव्हती. शिवाय ज्या समाजात परक्याच्या पायाला व पुवाला हात लावण्याचे काम शतकानुशतके जातीने खालच्या ठरवलेल्यांवर ढकलले गेले, तिथे हे काम कुशल मानले जात नाही याचे कारण केवळ प्रशासकीय आहे, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल.

बधिर पायाची ही गोष्ट भारतीय वैद्यकाला नवी नाही. वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले की कुष्ठरुग्णांच्या पायांवरील व्रण मांस आपोआप झडल्याने होत नाहीत, तर संवेदना गेल्यामुळे दुखापतीकडे दुर्लक्ष होऊन चिघळतात. त्यातूनच जखमेवरचा भार हलका करण्याच्या उपायांना बळ मिळाले आणि नंतर ते मधुमेही पायासाठीही स्वीकारले गेले.

भार हलका करा, अनवाणी चालू नका, हे सांगणे सोपे असते. परंतु नवस बोललेला माणूस तुळजापूरला अनवाणीच जातो आणि बालाघाट डोंगररांगेतील तालुक्यांमधून ऊसतोडीला निघालेल्या मजुराने मजुरीची उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे त्याला थांबता येत नाही. अशा रुग्णाला रागावून उपयोग नसतो हे अनुभवी परिचारिका जाणते, आणि ती जावयाला किंवा सुनेला बाजूला घेऊन रोज संध्याकाळी तळपाय पाहायला शिकवते. तरीही तोच रुग्ण काही महिन्यांनी काळ्या पडलेल्या अंगठ्यासह परततो आणि बोट कापावे लागते, तेव्हा आपले समजावणे कुठे कमी पडले, ही रुखरुख तिला लागते. ती तिने एकटीने सोसावी, हे न्यायाचे नाही. उणीव व्यवस्थेतही असते: रुग्ण घरी जाताना मिळणाऱ्या कार्डावर सहसा औषधांची नावे आणि पुढची तारीख असते, त्यामुळे त्या जखमेविषयी परिचारिकेला जे समजले होते ते वॉर्डातच राहते आणि गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेला तो पाय पुन्हा पहिल्यापासून ओळखावा लागतो.