सोडून देण्यातील दया

केळापूरच्या आमच्या घरी काचेच्या लहानशा टाकीत आफ्रिकेतील मलावी सरोवराचे सिक्लिड मासे आहेत. त्यांची मादी सुमारे तीन आठवडे उपाशी राहून अंडी व पिले तोंडात जपते. पिले वाढली, जागा अपुरी पडली, मारामाऱ्या सुरू झाल्या. “पैनगंगेत सोडू या,” मुले म्हणाली. परंतु याच कुळातील तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला आणि अनेक जलाशयांत देशी माशांच्या मुळावर आला. आपले ओझे नदीच्या माथी मारणे, ही कसली दया? जे आपण हौसेने घरी आणले, त्याचा भार आपणच वाहावयाचा. बैठकीतील कपाट हलवून आम्ही मोठी टाकी ठेवली. ती मुकी आई अन्न सोडते. आम्हांस थोडी जागा सोडणे जड का जावे?