शब्द खरे, छाप खोटी



आज गीतेचा १७वा अध्याय, १५वा श्लोक. वाणीचं तप म्हणजे काय, तर आपलं बोलणं कुणाला न टोचणारं, खरं, प्रिय आणि हिताचं असावं. सोपं वाटतं ना? मलाही वाटायचं. मग एका नाण्याने माझी परीक्षा घेतली.

आजीच्या देवघरात तांब्याचं एक नाणं आहे. एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, वन आना, १८१८. असं नाणं लाखोंना जातं, हे आतेभावाने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं. आजी म्हणाली, "तू कॉम्प्युटरवाला, तूच विक. पैसे धाकटीच्या फीला लाव."

मी माहिती काढली. १८१८ मध्ये कंपनीच्या बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती. सगळीकडे एकसारखी नाणी आली ती १८३५ पासून. रामदरबाराचा असा आणा कंपनीने कधी पाडलाच नाही. ही नंतर कुणीतरी बनवलेली टोकनं, जुनी वाटावीत म्हणून वर साल घातलेलं. शिवाय आजी ते दर सणाला चिंचेने घासते. देवघरात ती सेवा. पण संग्राहकाला नाण्यावर वर्षानुवर्षं चढलेला काळपट थरच हवा असतो. घासलं की खऱ्या नाण्याचीही किंमत उतरते.

हे सगळं कळूनही मी फोटो टाकला. खाली लिहिलं, "आजीच्या देवघरातलं जुनं नाणं." एकाचा मेसेज आला, "अकरा हजार देतो. देव्हाऱ्यात ठेवायचंय."

बघा, मी एक शब्दही खोटा लिहिला नव्हता. नाणं आजीचंच, देवघरातलंच, तसं जुनंही. १८१८ मी लिहिलं नव्हतं, फोटोत दिसत होतं. पण समोरच्याने काय समजावं, ते मी नीट ठरवलं होतं. टोकन बनवणाऱ्याने धातूवर खोटं साल उठवलं, मी तेच त्या माणसाच्या मनावर उठवत होतो. दोघांत फरक काय उरला?

त्याला खरं कळवलं. त्याने हात जोडलेला इमोजी पाठवला, बस्स.

अवघड होतं ते आजीला सांगणं. खरं सांगायचं तर तिला टोचणार, गोड बोलायचं तर खोटं होणार. शेवटी शेजारी बसून सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी खोट्या रामाला हात जोडले?"

मी म्हटलं, "राम नाही गं आजी, साल खोटं आहे."

मला वाटतं, गफलत इथेच होते. बाजारातली किंमत नाण्याच्या खरेपणावर ठरते, देवघरातली आपल्या भावावर. आजीचा भाव शंभर नंबरी, म्हणून नाणं १८१८चं होत नाही. आणि नाणं खोटं निघालं, म्हणून तिची पूजा वाया जात नाही. एकीकडचं मोल दुसरीकडे खपवायला गेलं की पाप सुरू होतं. मी आजीची भक्ती अकरा हजारांना खपवत होतो.

नाणं परत देव्हाऱ्यात आहे. फीचा पहिला हप्ता मी भरला, दुसऱ्याचं बघू.

आजचा संकल्प: एखादं वाक्य बोलण्याआधी विचारूया, शब्द खरे आहेत, पण छाप?

राम कृष्ण हरी.