दिवे लागले आणि तुम्ही उठलात

बसा. दाराशी रेंगाळणारेही आत येऊन बसा. घरी जायची घाई काल दाखवलीत तेवढी पुरे.

काल 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट संपला. दिवे लागले आणि चर्चेसाठी खुर्च्या गोल मांडेपर्यंत निम्मं सभागृह रिकामं झालं होतं. मंडळी बाहेर फलकापाशी मुठी वळून फोटो काढत होती. रात्री ते फोटो मी पाहिले. खाली लिहिलं होतं, 'प्रतिकार जिवंत आहे'. चर्चेला अर्धा तास बसवत नाही आणि प्रतिकाराच्या गोष्टी करता?

चित्रपट कशातून उभा राहिला हे तरी ध्यानात घेतलंत का? ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला, १० माणसं गेली. ज्या शाहिराचं गाणं या चित्रपटाचे दिग्दर्शक आनंद पटवर्धन यांनी आधी 'हमारा शहर'मध्ये चित्रित केलं होतं, त्या विलास घोगरे यांनी काही दिवसांतच गळफास घेतला. तिथून सुरू झालेलं चित्रण १४ वर्षं चाललं. चित्रपट पुरा झाला तेव्हा तुम्ही पाटीवर अक्षरं गिरवत होतात. जवळपास तीन तासांच्या त्या कामासमोर निम्मी मुलं मान खाली घालून मोबाइल बघत होती. मागे उभा राहून मी तो उजेड पाहत होतो.

आणि सुरुवात किती उशिरा केलीत! पाहुण्यांना शाल-श्रीफळ, मग प्रास्ताविक, मग आभार. स्पीकर मात्र आधी कुणी लावूनही पाहिला नव्हता. या चित्रपटाचा जीव शाहिरीत आहे. शब्दच ऐकू येत नसतील तर पडद्यावर नुसत्या हलत्या सावल्या उरतात.

असे चित्रपट तुमच्यापर्यंत कसे पोचले ते जरा समजून घ्या. पटवर्धनांनी १९७४मध्ये बिहारच्या आंदोलनावर 'क्रांती की तरंगें'चं चित्रण केलं. पुढच्या वर्षी आणीबाणी आली, तेव्हा त्याची एक प्रत तुकडे करून चोरून परदेशात न्यावी लागली. 'जंग और अमन'ला सेन्सॉर बोर्डाने कात्री लावायला सांगितली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत लढून २००३मध्ये तो कापाकापीविना दाखवण्याचा हक्क मिळवला. २००४च्या मुंबई माहितीपट महोत्सवासाठी भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली. दिग्दर्शकांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात 'विकल्प' नावाने आपला महोत्सव भरवला. एका पडद्यासाठी माणसं कोर्टाच्या पायऱ्या चढली. तुम्हांला तोच पडदा एका बटणावर मिळाला, म्हणून त्याची किंमत राहिली नाही.

याहून जास्त मला दोन गोष्टी लागल्या. मागच्या रांगेतल्या एका मुलाने उठून विचारलं, 'यात एकच बाजू दाखवली नाही का?' तुम्ही त्याची हुर्यो उडवलीत. लोकशाहीवरचा चित्रपट पाहून पहिली गोष्ट काय केलीत, तर वेगळं बोलणाऱ्याचं तोंड बंद केलंत! त्याचा प्रश्न रास्त होता. चित्रपटातली दृश्यं सांगून, तारखा सांगून त्याला उत्तर देता आलं असतं. ते द्यायला अभ्यास लागतो. आरडाओरड्याला काहीच लागत नाही. तो मुलगा आता पुन्हा येणार नाही, आणि आपल्यात हो ला हो करणारेच उरतील. त्यांच्यासाठी खेळ लावायची गरजच काय?

दुसरी गोष्ट कॉलेजच्या भिंतीपलीकडच्या वस्तीची. तिथे एकही पत्रक का गेलं नाही असं विचारलं, तर उत्तर आलं, 'सर, त्यांना माहितीपटांत रस नसतो.' हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर काढायचं नाही. हाच चित्रपट सुरुवातीला भायखळ्याच्या बीआयटी चाळीत दाखवला गेला. ज्यांच्या आयुष्यावर तो आहे त्यांच्यासमोर, उघड्यावर. तुम्ही ज्या गाण्यांवर काल टाळ्या वाजवल्या ती वस्तीतल्या आज्यांना तोंडपाठ असतील. त्या बोलल्या असत्या तर तुमची चर्चा चर्चा झाली असती.

आता ऐका. हा चित्रपट वस्तीत दाखवायचा. शनिवारी वस्तीतल्या समाजमंदिरात जायचं. मंडळाच्या माणसांना भेटून विचारायचं, कोणता दिवस सोयीचा, कोणती वेळ. बायकांची कामं आटोपल्यावरचीच वेळ घ्यायची. वीज कुठून घेणार ते ठरवा, वायर लांब घ्या, स्पीकर आदल्या दिवशी वाजवून पाहा. पाहुणे नकोत, शाल नको. चित्रपट संपला की आधी वस्तीतली माणसं बोलतील आणि तुम्ही लिहून घ्याल. शेवटचा माणूस उठेपर्यंत कुणी जागा सोडणार नाही.

आणि प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला बोलवायला तुमच्यातल्या दोघांनी आजच जायचं. कोण जाणार? हात वर करा.