देणाऱ्याचा हात

आमची दादी रत्नागिरीकडची. लग्न होऊन भायखळ्याला आली ती अखेरपर्यंत इथेच राहिली. दादा गोदीत कामाला होते. परदेशी बोटींतून उतरणारी पोती मोजायची आणि कागदावर टिपून ठेवायची, हे त्यांचे काम. साठच्या दशकात त्या पोत्यांत पुष्कळदा अमेरिकेचा गहू असे. दादा दिवसभर जो गहू मोजत, तसलाच पुढे रेशनच्या दुकानातून दादीच्या पिशवीत येई. भात खाणाऱ्या कोकणी घरात तो कोणालाच रुचला नाही. दादी त्याला ‘लाल गहू’ म्हणे आणि त्याची गोष्ट निघाली की न चुकता सांगे, “पैसे मोजून घेतलाय हां, कुणी फुकट नाय दिला.” ती हे प्रत्येक वेळी का सांगते, ते आम्हाला फार उशिरा कळले.

तो गहू भायखळ्यापर्यंत आला कसा, याची हकीकत अमेरिकेच्या घरगुती राजकारणात आहे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा युरोप आणि जपानची शहरे उद्ध्वस्त झाली होती. अमेरिकेचे कारखाने आणि शेते मात्र शाबूत होती. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी तिथे १९४४ मध्येच कायदा झाला. कॉलेजची फी सरकारने भरायची, घराच्या कर्जाला सरकारने हमी द्यायची. त्यातून लाखो कुटुंबे मध्यमवर्गात आली. कायद्यात कृष्णवर्णीय सैनिकांना वगळलेले नव्हते; पण अंमलबजावणी स्थानिक कचेऱ्यांच्या आणि बँकांच्या हाती होती, आणि तिथे दार बहुधा बंदच मिळाले. भायखळ्याबाहेर भाड्याची खोली शोधायला निघालेल्या आमच्या वाचकांना हा प्रकार समजावून सांगायला नको.

शेतीचे दुखणे निराळे होते. १९३३ पासून सरकार शेतमालाच्या भावाला आधार देत होते. पुढे उत्पादन वाढतच गेले आणि सरकारच्या गळ्यात पडलेला गहू गोदामांत मावेना. महायुद्धातून निवृत्त झालेल्या जहाजांतही तो भरून ठेवावा लागला. आधार काढावा तर शेतकरी मतदार नाराज होणार. काढू नये तर साठवणीचा खर्च. या पेचातून वाट म्हणून अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १० जुलै १९५४ रोजी ज्या कायद्यावर सही केली, तोच ‘पी. एल. ४८०’. भारताने त्याखाली पहिला करार १९५६ मध्ये केला. केनेडींच्या काळात या योजनेला ‘शांततेसाठी अन्न’ असे साजरे नाव मिळाले. तोवर देणारा आपली अडचण मोकळेपणाने सांगत होता. नाव बदलल्यावर ती अडचण परोपकार झाली.

दादी म्हणत होती ते हिशेबानेही खरे होते. गहू बव्हंशी रुपयांत विकला जाई. ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यावर साचत गेले आणि शेवटी १९७४ मध्ये अमेरिकेने त्यातले १६६४ कोटी रुपये धनादेशाने भारताला परत केले. म्हणजे जे कर्ज होते, निदान सवलतीची विक्री होती, तिला दोन्ही देशांत दान समजले गेले. घेणाऱ्याची मान खाली गेली ती गेलीच. १९६५ ते १९६७ या दुष्काळाच्या वर्षांत तर अध्यक्ष जॉन्सन यांनी गहू थोडा थोडा सोडण्याचे धोरण धरले. भारताने शेतीकडे लक्ष द्यावे हा त्यांचा आग्रह होता, आणि व्हिएतनामच्या युद्धावर दिल्लीने केलेली टीका त्यांना खुपत होती. आमची दादी तेव्हा रांगेत उभी होती. व्हिएतनाम हे नाव तिने ऐकले असेल असे वाटत नाही.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तो गहू आला नसता तर माणसे उपाशी मेली असती. बिहारात १९६६-६७ मध्ये पीक बुडाले, तेव्हा मोठा मृत्युकांड टळला त्यात या गव्हाचा वाटा होता. आमच्याकडे अमल नियतीवर, म्हणजे हेतूवर, तोलला जातो असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण भुकेल्याच्या पोटात पीठ जाते, देणाऱ्याचा हेतू जात नाही. मग हेतूची चौकशी करण्याचा हक्क कोणाला? ज्याचे पोट भरलेले आहे त्याला की काय? बरीच वर्षे आम्ही हाच युक्तिवाद करत होतो, आणि तो आम्हाला पुरेसा वाटत होता.

२०२० च्या टाळेबंदीत रमजान आला. मदनपुऱ्यातले बॅगांचे, जरीचे कारखाने बंद होते आणि आमच्या विद्यार्थ्यांचे बाप घरी बसले होते किंवा गावाकडे अडकले होते. एका दानशूर गृहस्थांनी शिधा वाटायचे ठरवले आणि गरजू मुलांची यादी आमच्याकडे मागितली. यादी आम्ही केली. पीठ, तांदूळ, डाळ, तेल, खजूर. पिशवी चांगली भरलेली होती, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पिशवीवर देणाऱ्याचे नाव आणि फोटो. सातवीतला एक मुलगा वडील गावी अडकल्यामुळे स्वतःच घ्यायला आला. फोटो काढणारा म्हणाला, चेहरा दिसत नाही. आम्ही पुढे होऊन म्हणालो, “बेटा, मास्क जरा खाली कर.”

त्याने केला. ज्या दिवसांत त्या वस्तीत कोणी कोणाजवळ उभे राहत नव्हते, त्या दिवसांत केला, कारण सर सांगत होते. फोटो निघाला, मोबाइलवरून फिरला, वर्गातल्या सगळ्यांपर्यंत पोचला.

उपकार बोलून दाखवला की सदका वाया जातो, हे आम्ही त्याच मुलांना शिकवले होते. तिथे मात्र आम्ही स्वतःशी म्हणालो, पिशवी तर पोचते आहे. जॉन्सनसाहेबांनाही हेच म्हणता आले असते. फरक एवढाच, की दादीने दुकानात पैसे मोजले होते, म्हणून ‘फुकट नाय’ असे म्हणायची सोय तिच्यापाशी होती. त्या मुलापाशी ती नव्हती. घेणाऱ्याला काहीतरी मोजू देणे, निदान तोंड झाकू देणे, हा देण्याचाच भाग आहे की नाही? आम्हाला आता वाटते की आहे, आणि पीठ पोचले एवढ्यावर तो भाग माफ होत नाही. पण फोटो काढू देणार नाही असे सांगितले असते तर त्या गृहस्थांनी पिशव्या दुसऱ्या शाळेत नेल्या असत्या, हेही तितकेच खरे. तेव्हा चाळीस घरांची चूल आमच्या बाणेदारपणावर विझवायची का, याचे उत्तर आम्हाला आजही सरळ देता येत नाही.

पुढच्या रमजानला यादी पुन्हा मागितली गेली. त्या मुलाच्या आईने त्याच्याच हस्ताक्षरातली चिठ्ठी पाठवली: सर, इस साल हमारा नाम मत लिखिए. वडिलांचा कारखाना तेव्हाही नीट सुरू झालेला नव्हता, हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही नाव खोडले. तो महिना त्यांनी कसा काढला, हे विचारायला आम्ही गेलो नाही.